भासऱ्यांचा पाय

आमच्या भागात नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. लग्न होऊन बाई घरात आली की या एका माणसापुरतं तिच्याभोवती कुंपण उभं राहतं. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या खाटेला हात लावायचा नाही. सणावाराला नमस्कार करायचा तोही लांबून, जमिनीला हात टेकवून. तोही बिचारा तेवढाच बांधलेला. घरात पाऊल टाकण्याआधी अंगणात खाकरायचा, म्हणजे आम्ही समजायचं आणि आडोसा धरायचा. आताच्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. हसू देत. मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, मलाही ते कळत होतं. पण काही गोष्टी कळल्या म्हणून सुटत नाहीत.

सोमाजी माझे भासरे. ऐंशीच्या पुढचे. मी सत्तरी ओलांडली. साकोलीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली आमचं गाव आहे. तिथं एकाच घराच्या दोन बाजूंना आम्ही दोघं राहतो, मधली ओसरी दोघांची. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा समोरासमोर नीट पाहिलेला नव्हता, असं म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही. फोटोत पाहिला होता. पण मला खरे ठाऊक होते ते त्यांचे पाय. पदराखालून तेवढेच दिसतात.

माझे यजमान देवानंद लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं मला न्यायला आली तेव्हा ओसरीवर सगळे बसले होते आणि मी दाराआड उभी होते. त्या वेळी सोमाजी माझ्या जावेला, म्हणजे त्यांच्या बायकोला, गोदावरीबाईला म्हणाले, "तिले विचार, तिले जायाचं आहे का. नसन जायाचं तर अर्धं वावर तिचं आहे. मॅट्रिक झाली आहे, पुढं शिकू दे म्हणा." त्या काळात गावातल्या विधवेला कोणी विचारत नसे. मी दाराआडून गोदावरीबाईच्या कानात सांगितलं की मला शिकायचं आहे.

भंडाऱ्याला मास्तरकीच्या शिक्षणासाठी मला सोडायला तेच आले. मोठ्या सडकेपर्यंत पायी जावं लागायचं. ते माझी पेटी डोक्यावर घेऊन पुढे, मी पदर ओढून बरीच मागे. त्या संपूर्ण वाटेत मी फक्त त्यांच्या टाचा पाहिल्या. उजव्या टाचेला मोठी भेग होती आणि धाकट्या बोटाचं नख वाकडं होतं. गाडी आल्यावर ते कंडक्टरला म्हणाले, "मागं बाई उभी आहे, तिले भंडाऱ्याले उतरवजा." आणि वळून न पाहता निघाले. मग दर महिन्याला वसतिगृहाच्या फाटकाशी तांदळाचं चुंगडं, म्हणजे पोतं, येऊन पडायचं. पहारेकरी सांगायचा, तुमच्या घरचं कोणीतरी ठेवून गेलं, नाव नाही सांगितलं. मला नावाची गरज नव्हती.

पुढे नोकरी लागली, गावोगाव बदल्या झाल्या, निवृत्त होऊन मी याच घरात परतले. गोदावरीबाई होती तोवर आमचं बोलणं तिच्या तोंडून व्हायचं. ती गेली आणि मधला दुवाच राहिला नाही. मग आम्ही काय करायचो, तर जे समोर असेल त्याला सांगायचो. ते गोठ्यातल्या वासराला म्हणायचे, "आज भाजीत मीठ नाही पडलं म्हणा." मी चुलीला सांगायची, मीठ संपलं आहे, दुकानातून आणायला हवं म्हणा. वासरू दोघांकडे पाहायचं. शेजारची कुंताबाई आमची नेहमी थट्टा करायची. ती म्हणायची, हे वासरू मोठं झालं की ग्रामपंचायतीत सचिव होईल, इतके निरोप त्यानं ऐकले आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात सोमाजींच्या उजव्या पायात बाभळीचा काटा गेला. त्यांना शुगर आहे. तळव्याला बधिरपणा असल्यामुळे काटा गेला तेव्हा काही कळलंच नाही. पाय सुजून लाल झाला तेव्हा त्यांचा मुलगा लिलाधर आला आणि त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेला. लिलाधर चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला आहे, तिथल्याच कॉलनीत राहतो. डॉक्टरांनी दोन बोटं काढली आणि तळवा चिरून आतला पू मोकळा केला. घरी पाठवताना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की जखम आतून भरत येईल, पण ती रोज धुऊन नवी पट्टी बांधली पाहिजे आणि कायम झाकलेली राहिली पाहिजे. पाणी नको, चिखल तर मुळीच नको, पायावर भार नको. जखम पुन्हा बिघडली तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल.

 मला त्यांची सकाळ ठाऊक होती. उजाडलं की तलावाची पाळ चढायची, पाणी किती आहे ते पाहायचं, मग धुऱ्याधुऱ्यानं एकेक बांधी बघत फिरायचं. बांधी म्हणजे भाताचं वावर, चारही बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं. आता ते स्वतः नांगर धरत नव्हते, तरी ते फिरणं हेच त्यांचं जगणं होतं. पाय गेला तर हा माणूस खाटेवर किती दिवस काढेल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

सुरुवातीला सून रीना इथं राहून पट्टी बदलत होती. शाळा सुरू झाल्या आणि तिला मुलांसाठी चिखल्याला परतावं लागलं. जाण्याआधी तिनं उपकेंद्रातल्या ममता सिस्टरना सगळं समजावलं. सिस्टरनी येऊन पट्टी करायचं कबूल केलं.

आणि इथं ती चूक झाली. आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकेल अशी चूक.

ममता सिस्टर आल्या. त्यांची स्कूटर फाटकाशी थांबलेली मी आतून पाहिली. सोमाजींनी त्यांना फाटकाशीच सांगितलं की पट्टी घरी होते, तुम्ही त्रास घेऊ नका. सिस्टरना वाटलं, घरात शिकलेली बाई आहे, करत असेल. त्या गेल्या. मला वाटलं, सिस्टर पट्टी करून गेल्या. संध्याकाळी मी वासराला विचारलं, सिस्टर येऊन गेल्या का म्हणा. सोमाजींनी वासराला सांगितलं, "येऊन गेल्या म्हणा." त्यात खोटं काहीच नव्हतं. असं पुन्हा एकदा झालं, आणि पुन्हा. रीनाचा फोन आला की मी तिलाही तेच सांगायची.

त्यांनी असं का केलं ते मला पुढे कळलं. सिस्टर रोज पट्टी करायला येऊ लागल्या असत्या तर गावात प्रश्न आला असता की घरात बाई आहे, ती काय करते. मला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून त्यांनी पाय तसाच ठेवला.

तेवढ्यात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटून बाया बांध्यांत उतरल्या आणि सोमाजींना घरात राहवेना. खताच्या चुंगडीच्या आतली प्लास्टिकची पिशवी त्यांनी पट्टीवरून चढवली, घोट्याशी सुतळीनं करकचून बांधली आणि काठी टेकत धुऱ्यावर जाऊन उभे राहू लागले. पाणी आत जात नव्हतं हे खरं. पण घाम आणि पाझर बाहेरही येत नव्हता.

एका दुपारी मी ताट त्यांच्यासमोर नेहमीसारखं दूर ठेवून वळत होते, तेव्हा मला वास आला. गोडसर, कुजका. उंबऱ्यावर माशा घोंघावत होत्या. मी थांबले. पदराखालून पाहिलं तर पट्टीचा रंग चिखलाचा झाला होता आणि कडेला ओल होती. मी वासराला काही विचारलं नाही. घरात जाऊन ममता सिस्टरना फोन लावला.

सिस्टर अंगणात स्कूटर टाकूनच आत धावल्या. पट्टी सोडली तेव्हा मी दाराआड होते, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी आधी विचारलं की ही पट्टी केव्हाची आहे. सोमाजींनी मान वळवून गोठ्याकडे पाहिलं. मग सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं एकदम उमगलं. 

जखमेभोवतीची कातडी पाण्यात भिजल्यासारखी पांढरी पडली होती. एका कडेला काळसर रेघ होती. सिस्टरनी ती धुतली, मिठाच्या पाण्यात भिजवलेली जाळीची पट्टी आत बसवली, वर कोरडी घडी ठेवली आणि हलक्या हातानं बांधलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवून फोनवर बोलल्या. डॉक्टर म्हणाले, औषध बदलतो, रोज पट्टी झाली आणि काळेपणा पसरला नाही तर दोन आठवड्यांनी बघू. पसरला तर लगेच घेऊन या, मग थांबता येणार नाही.

सिस्टर म्हणाल्या की आज आणि उद्या त्या येतील, पण त्यांच्याकडे चार गावं आहेत, आता लसीकरणही लागलं आहे, रोज जमणार नाही. घरचं कोण करेल? सोमाजी म्हणाले, रीनाला बोलवा. रीनाचा धाकटा तापानं पडला होता, ती येऊ शकत नव्हती. मग म्हणाले, मी माझा करीन. सिस्टरनी त्यांच्या हातात आरसा दिला आणि तळवा बघायला सांगितलं. त्यांची कंबर वाकेना, डोळ्यांत मोतीबिंदू, आरशात त्यांना घराचं छत दिसलं. ते म्हणाले, रोज ऑटोनं साकोलीला जाईन. सिस्टर म्हणाल्या की रोज हादरे खात जाणं आणि पायऱ्या चढणं म्हणजे जखम रोज नव्यानं फाडणं.

तेव्हा मी दाराआडून म्हटलं, "मी करीन."

कुंताबाई तोवर येऊन बसली होती. तिनं तोंडावर पदर धरला. सोमाजींनी पाय खाटेवर आखडून घेतला आणि सिस्टरला म्हणाले, "नाही जमत ते. तुम्हाले नाही समजन." सिस्टर वर्ध्याकडच्या, तरुण. त्यांना खरंच कळेना. कुंताबाईनं त्यांना हळू आवाजात भासरा म्हणजे काय ते सांगितलं. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "आजोबा, जखमेला नातं कळत नाही. बाई, या इकडे, उद्या मी करताना तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. कसं हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही, मिठाचं पाणी सोडून तिला आपण होऊन सुटू द्यायचं. जखमेला बोट लावायचं नाही, चिमट्यानं काम करायचं. हळद नाही, राख नाही, कुठलाही पाला नाही. आमच्या लहानपणी आई विळ्याच्या घावावर हळद दाबून जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि वर म्हणायची, चार दिवसांनी उघड, हवा लागू दे. तिच्या हाताला गुण होता असं सगळे म्हणत. आता वाटतं, आमचं रक्त तेवढं धड होतं. सिस्टर म्हणाल्या, जखमेला हवेची गरज नसते, तिला झाकलेलं आवडतं, फक्त आतून भिजलेलं कोरडं होऊ नये आणि बाहेरून कोरडं भिजू नये. एवढं सांभाळा.

तिसऱ्या दिवशी सिस्टर येणार नव्हत्या. सकाळी मी पाणी उकळलं, सामान ताटात मांडलं, वरून धुतलेला कपडा टाकला. ओसरीवर गेले आणि सोमाजींच्या खाटेच्या पायथ्याशी पाट टाकून बसले. इतक्या जवळ मी कधीच बसले नव्हते. त्यांनी पाहिलं आणि मान फिरवली. गोठ्यात वासरू होतं, भिंत होती, खांब होता. मी कोणालाही निरोप दिला नाही.

"पाय इकडे करा," मी म्हटलं.

 त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, उलगडला आणि आपल्या तोंडावरून ओढून घेतला. नाकापर्यंत नाही, पार हनुवटीखाली. आणि पाय पुढे केला.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. जन्मभर मी पदर घेतला, आणि आता ते घेऊन बसले होते. पाय मांडीवरच्या कपड्यावर घेतला तेव्हा तो जड होता, तापलेला. धाकटं बोट, ज्याचं नख वाकडं होतं, ते आता नव्हतं. टाचेची भेग तशीच होती. माझी पेटी डोक्यावर घेऊन चाललेला हाच पाय. मी पट्टी सोडली.

 जखमेत पाहायला धीर लागतो.  मी शाळेतल्या पोरांची ढोपरं धुतली होती, पण ही जखम बोटभर खोल होती. मी मनात एकेक पायरी म्हणत गेले, सिस्टरनी सांगितली तशी. बांधून झाल्यावर पट्टीखाली माझं बोट सहज जातं का ते पाहिलं. घट्ट नाही, सैल नाही.

दुपट्ट्याआडून आवाज आला, "झालं का म्हणा." ते छताशी बोलत होते.

"झालं. उद्या याच वेळेला," मी त्यांच्याशीच बोलले.

असे दिवस जाऊ लागले. मी थेट बोलायची, ते छताला सांगायचे. खताची पिशवी मी चुलीत घातली. पायाखाली उशी आली. धुऱ्यावर जाणं बंद झालं, म्हणून संध्याकाळी मीच पाळ चढून यायची आणि सांगायची की तलावात पाणी किती आलं, कोणत्या बांधीत पऱ्हे लागले, कोणत्या धुऱ्याला भोक पडलं. त्यांना माझं सांगणं पटायचं नाही. ते छताला विचारायचे, भोक म्हणजे खेकड्याचं की धुराच फुटला, असं म्हणा. मला फरक कळत नव्हता, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघावं लागायचं. अर्ध्या शेताची मालकीण असून इतक्या वर्षांत मी माझ्या बांध्या पहिल्यांदाच नीट पाहिल्या.

काळी रेघ पसरली नाही. एके दिवशी पट्टी सोडली तर जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसलं. सिस्टर म्हणाल्या, हेच हवं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. निवृत्त झाल्यापासून माझ्या पाठीवर कोणी थाप मारली नव्हती.

मग रोवणीचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे बाया गाणी म्हणत शेवटची पेंढी लावतात आणि मालकाला चिखलानं माखतात. मालक पळतो, बाया धावतात, सगळं शिवार हसतं. सोमाजींना त्या दरवर्षी धरायच्या आणि तेही दरवर्षी पळण्याचं नाटक करून सापडायचे. यंदा मालक वावरात आलाच नाही, म्हणून दुपारी बायाच घरी आल्या. कोपरापर्यंत चिखल, लुगडी खोचलेली, हातात मुठी भरलेल्या. पुढे कुंताबाई.

त्या दिवशी सकाळची पट्टी लांबली होती आणि मी ती नेमकी तेव्हाच सोडली होती. जखम उघडी होती. गाणं फाटकाशी ऐकू आलं तसा मी धुतलेला कपडा पायावर टाकला आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन आडवी उभी राहिले.

"मास्तरीणबाई, सरका. म्हाताऱ्याले टिळा लावतो न जातो," कुंताबाई म्हणाली.

"तुमचा टिळा मले माहीत आहे. मागच्या वर्षी त्यांच्या कानातून चिखल काढायले दोन बादल्या पाणी लागलं."

बाया हसल्या, पण मागे सरल्या नाहीत. मी त्यांना सांगितलं की जखम उघडी आहे, चिखलाचा एक थेंब आत गेला तर केलेलं सगळं जाईल, पायही जाईल. कुंताबाईला ते पटलं, पण हातातली मूठ टाकायला तिचा जीव होईना. ती म्हणाली, "समजते व. पण मालकाले लावल्याबिगर रोवणी उठत नाही. असं अर्धवट ठेवून कसं जाव?"

"अर्धं वावर माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "मले लावा."

बायांच्या मुठी जागच्या जागी थांबल्या. विधवेला या खेळात कोणी ओढत नाही. मी तरुणपणीच या सगळ्यातून बाजूला झाले होते. रोवणीचं गाणं ऐकू आलं की मी घरातच राहायची आणि कोणी विचारायचं नाही की का. कुंताबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. घरातल्या थोरल्यांचं काय म्हणणं आहे, असं तिचं पाहणं होतं.

आतून सोमाजींचा आवाज आला. "पाहून काय राहिली कुंते? मालकीणच आहे ते. लावा तिले, चांगलं लावा."

मग मात्र त्यांनी मला सोडलं नाही. गालाला, कपाळाला, केसांत, पदरावर, सगळीकडे थंड चिखल. कोणीतरी माझे दोन्ही हात धरून मला अंगणात फिरवलं. मी इतकी हसले की मला धाप लागली. वळून पाहिलं तर सोमाजी खाटेवर बसून हसत होते, तोंडात राहिलेले चार दात दाखवत. दुपट्टा खांद्यावर होता. मी त्यांचा चेहरा पाहिला. देवानंदचं नाक हुबेहूब तिथं होतं. माझा पदर केव्हाच खाली पडला होता आणि चिखलानं जड झाला होता. तो मी वर ओढला नाही.

बाया गेल्यावर मला आंघोळ करावी लागली, नखं कापावी लागली, हात दोनदा धुवावे लागले, तेव्हा कुठे मी ती राहिलेली पट्टी बांधू शकले. त्या दिवसानंतर दुपट्टा तोंडावर आला नाही. पण बोलणं अजून छताशीच होतं.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी लिलाधरला सुटी मिळाली नाही. त्यानं गावातल्या ओळखीच्या माणसाची गाडी ठरवून दिली. सोमाजी पुढे बसले, मी मागे.  वाटभर मी मनातल्या मनात जखम पुन्हा पुन्हा पाहत होते. लाल होती की लालसर? डाव्या कडेला काल जे दिसलं ते सावली होती की काळं? आपणच रोज पाहिलेल्या गोष्टीवर अशा वेळी विश्वास राहत नाही.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. वाकून पाहिलं, कडा दाबल्या, बोटं हलवायला सांगितलं. मी दोन्ही हात एकमेकांत गच्च धरून उभी होते. सोमाजी छताकडे पाहत होते, पण आज त्याच्याशी बोलत नव्हते.

डॉक्टर म्हणाले की पाय राहील. जखम खालून भरून येते आहे, कडा जिवंत आहेत, कापायची गरज नाही. अशीच रोज पट्टी चालू ठेवा, दिवाळीच्या सुमारास तळवा बंद होईल. मग हळूहळू, वेगळी चप्पल घालून चालता येईल. मी खुर्चीवर बसले, कोणी बस म्हणायच्या आधी. डॉक्टरांनी विचारलं की पट्टी कोण करतं, नर्स ठेवली आहे का.

"नाही," सोमाजी म्हणाले. "घरचीच आहे. मास्तरीण होती. दोन पिढ्याईले शिकवलं तिनं." मग म्हणाले, "आता मले शिकवून राहिली."

डॉक्टर हसले आणि नव्या गोळ्या लिहू लागले.

परतताना गाडी वैनगंगेवरचा पूल ओलांडून कारध्याला आली. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती, पाणी मातकट. सोमाजींनी टपरीजवळ गाडी थांबवायला सांगितली. गाडीवाल्यानं चहा किती सांगू म्हणून विचारलं. मला वाटलं ते त्याला म्हणतील, मागे विचार. ते सीटवर हात टेकवून पूर्ण मागे वळले. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शकुन, चहा घेशीन का तू?"

माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक असेल, असंही कधी मनात आलं नव्हतं. 

"घेईन," मी म्हटलं. "तुम्ही मात्र बिनसाखरेचा घ्या."